गोविंदरावांच्या पेटीतली गाणी

पेटीवर 'नाथ हा माझा' सुरू झालं की ठाण्या-डोंबिवलीच्या कुठल्याही सभागृहात पुढच्या पाच-सहा रांगांतले ओठ हलायला लागतात. आवाज कुणी काढत नाही. रंगमंचावरचा वादक फक्त स्वर देत असतो आणि शब्द ऐकणारे मनातल्या मनात भरत असतात. हे सहज घडत नाही. पट्टी दाबली की सूर हजर, सोडली की संपला, एवढंच पेटीला येतं. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना गळा जे काही करतो, थोडा थांबतो, थोडा झुकतो, श्वास चोरतो, त्यातलं काहीच त्या लाकडी खोक्यात बसवलेलं नाही. तरीही गोविंदराव पटवर्धनांच्या बोटांखाली पद बोलायचं. ते कसं बोलायचं याचा शोध घेणं हा माझ्या दृष्टीने मराठी संगीतातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

गोविंदरावांचा जन्म २१ सप्टेंबर १९२५ रोजी गुहागर तालुक्यात झाला, आणि ३० जानेवारी १९९६ रोजी ते गेले. मधल्या काळात मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत जे जे गाणं मोठं झालं, त्यातल्या फार मोठ्या भागाला त्यांच्या बोटांची साथ होती. नाटकाला ऑर्गन, मैफलीला हार्मोनियम. छोटा गंधर्व, राम मराठे, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, जितेंद्र अभिषेकी ही नावं नुसती वाचली तरी लक्षात येतं की यातल्या कुणाही दोघांचं गाणं एकमेकांसारखं नाही. शिक्षणाचा मोठा भाग कानांनी झालेला. ऐकायचं, घरी येऊन पेटीवर काढायचं, पुन्हा ऐकायचं.

त्यांच्या एकलवादनाचं मर्म या साथीत आहे, असं मला ठामपणे वाटतं. पियानो वाजवणाऱ्या कलावंताशी तुलना केली की ते लख्ख दिसतं. लिथुआनियाची मूझा रुबाकीते घ्या. कौनास शहरात १९५९ साली जन्मलेली ही वादक १९८१ मध्ये बुडापेस्टच्या लिस्ट-बार्टोक स्पर्धेत पहिली आली आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाली. संगीतकार लिस्टची संपूर्ण प्रवासमालिका तिने ध्वनिमुद्रित केली. तिचा संग्रह म्हणजे लिहिलेल्या रचनांचा संग्रह. लिस्ट, शोस्ताकोविच, प्रत्येकाची संहिता छापलेली, आणि तिची प्रतिभा त्या संहितेचा अर्थ लावण्यात. आपल्या पेटीवाल्याच्या मागे अशी संहिताच नाही. पेटीसाठी म्हणून कुणी मोठ्या रचना करून ठेवल्या नाहीत. ख्याल गायकाचा, ठुमरी ठुमरीवालीची, पद नटाचं. मग पेटीवाला एकटा बसला की वाजवणार काय? तर ज्यांच्या शेजारी बसून त्याने आयुष्य काढलं, त्यांचं गाणं.

याच लिस्टने शूबर्टची गाणी पियानोवर उतरवली होती. शब्द काढून टाकले आणि गाणं पट्ट्यांवर ठेवलं. लिस्टने ते लिहून ठेवलं म्हणून आज व्हिल्नियसमध्येही वाजतं आणि टोकियोतही. गोविंदरावांनी नाट्यपदाशी केलं ते याच जातीचं काम होतं, पण ते त्यांनी कागदावर केलं नाही. दर वेळी बोटांवर केलं.

हे काम जवळून पाहायचं तर आधी पट्ट्यांकडे पाहावं लागतं. काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर धरलेला षड्ज, ही पुरुष गायकांची नेहमीची पट्टी. या पट्टीत यमन मांडला की षड्ज आणि रिषभ काळ्या पट्ट्यांवर येतात, गांधार आणि तीव्र मध्यम पांढऱ्यांवर, पंचम-धैवत पुन्हा काळ्यांवर आणि निषाद पांढरीवर. काळी पट्टी उंच असते, पांढरी सखल. काळीवरचं बोट शेजारच्या पांढरीवर घसरवता येतं. पांढरीवरचं बोट काळीवर तसं चढवता येत नाही, उचलूनच ठेवावं लागतं. म्हणजे काळी एकमधल्या यमनात पंचमावरून तीव्र मध्यमावर येताना आणि तार षड्जावरून निषादावर येताना बोट घसरतं. दोन सुरांमधली फट बुजते आणि मींड ऐकल्याचा भास होतो. आता तोच यमन पांढरी एकमध्ये घ्या. तीव्र मध्यम तेवढा काळा, बाकी सगळं पांढरं. घसरण आता उलटी, मध्यमावरून पंचमाकडे, वर जाणारी. राग तोच, पण पेटीला सहज जमणारी जागा बदलली.

नुसती मैफल करणाऱ्याला एक-दोन पट्ट्यांत हात बसवून भागतं. संगीत नाटकाच्या ऑर्गनवाल्याला ती चैन नाही. आज 'स्वयंवर'मधल्या रुक्मिणीचं काम करणारी नटी काळी चारमध्ये गाते, उद्या दुसरी काळी पाचमध्ये. कृष्ण पांढरी दोनमध्ये, त्याच्या जागी बदली आलेला नट काळी एकमध्ये. घशाला थोडी सर्दी असली की ऐन वेळी अर्धा सूर खाली. पद एकच, पण रोज वेगळ्या पट्ट्यांवर. गोविंदरावांचा हात याच शाळेत तयार झाला, म्हणून कुठल्याही पट्टीत कुठलीही जागा काढताना ते अडत नसत. एका पट्टीत जी मींड घसरून मिळते ती दुसऱ्या पट्टीत कणाने काढायची, तिसरीत भात्याने. तीन वेगळ्या युक्त्या, आणि ऐकणाऱ्याला जागा एकच ऐकू आली पाहिजे.

कण म्हणजे मुख्य सुराला लागण्याआधी शेजारच्या सुराला दिलेला निसटता स्पर्श. पेटीवर तो फार सोपा असतो आणि म्हणूनच धोक्याचा. होतकरू वादक कणांची खैरात करतो आणि पद किरकिरं होतं. गोविंदरावांचे कण मात्र शब्दाच्या जागी पडतात. जोडाक्षर आलं की दोन बोटं एकामागोमाग अशी पडतात की पहिला सूर लागला म्हणेपर्यंत गेलेला असतो. महाप्राण अक्षर आलं की त्याच्या आधी किंचित जागा मोकळी सुटते, जणू तोंडातून हवा बाहेर पडायला वेळ दिला. दीर्घ स्वर आला की बोट स्थिर आणि काम डाव्या हाताचं. भाता थोडा दाबला की सूर पुढे येतो, सैल सोडला की मागे जातो. बोट हललेलंच नाही, तरी अक्षर उमलत जातं. पेटी ऐकताना आपलं लक्ष उजव्या हाताकडे असतं; गोविंदराव ऐकताना काही वेळ मुद्दाम डाव्या हाताकडे कान द्यावा. पदातला भाव तिथे आहे.

'नाथ हा माझा' हे 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं पद. नाटक १९१६ चं, चाल भास्करबुवा बखल्यांची, राग यमन, गळा बालगंधर्वांचा. अशा पदावर पेटीवाल्याने काय करावं? सोपा मार्ग म्हणजे चाल वाजवायची, मग यमनच्या ताना घ्यायच्या, द्रुतमध्ये हात दाखवायचा आणि टाळी घ्यायची. गोविंदरावांच्या हातातही द्रुत विलक्षण होतं. तान मोत्यासारखी वेगळी, एकही सूर दुसऱ्यात न मिसळलेला, आणि वेग असा की तबलजीने सावरून बसावं. पण मला त्यांचं मोठेपण मुखड्याच्या पुनरावृत्तीत दिसतं. बालगंधर्व एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत आणि दर वेळी तिचा कल बदलत. कधी लाज, कधी अभिमान, कधी नुसताच आनंद. पेटीवर हे करायला शब्दाचा आधार नाही. मग पहिल्या वेळी मुखडा सरळ, ताठ. दुसऱ्या वेळी त्यातला एक सूर उशिरा, मात्रा टळून गेल्यावर. तिसऱ्या वेळी शेवटचा सूर अर्ध्यावर सोडलेला आणि तो ऐकणाऱ्याने पुरा करायचा. बदल अगदी बारीक, पण ज्याला पद पाठ आहे त्याच्या मनात तीन वेगळ्या रुक्मिणी उभ्या राहतात.

साथ करताना हात वेगवेगळ्या तऱ्हेने शिकतो. छोटा गंधर्वांचं गाणं म्हणजे हरकतींची वळणं, गोड आणि अनपेक्षित. वळण कुठे घेणार हे त्यांच्या मागोमाग जाणाऱ्याला अर्धा क्षण आधी कळलं नाही तर पेटी मागे पडते आणि गाणं जड होतं. कुमार गंधर्वांच्या गाण्यात प्रश्न उलटा. तिथे शांतता गाण्याचाच भाग. त्यांनी सोडलेली मोकळी जागा भरायला पेटी धावली की गाणं मोडलं. तिथे न वाजवणं शिकावं लागतं, आणि आयुष्यभर सूर भरत राहिलेल्या बोटांना हे शिकणं सगळ्यांत कठीण. राम मराठ्यांचं गाणं आणखी तिसरं. लय अंगात भिनलेली, आग्रा घराण्याची धमक, बोलतानांचा मारा आणि सम गाठताना दिलेली झेप. तिथे पेटीने मागून येऊन चालत नाही, बरोबरीने पळावं लागतं.

गोविंदरावांचं एकलवादन ऐकताना हे तिघे एकामागून एक येऊन जातात. एखादी हरकत ऐकताना छोटा गंधर्व आठवतात, पुढच्याच आवर्तनात दोन मात्रा कोऱ्या सोडलेल्या असतात, आणि मग अचानक तिहाईसारखी उडी घेऊन सम. ही नक्कल नाही. नकलेत मूळ माणूस ओळखता येणं हा हेतू असतो. इथे तो माणूस बोटांत मुरलेला आहे आणि वादकाला त्याची आठवणही बहुधा नसावी.

राम मराठ्यांचं नाव आलं की ठाणं येतंच. १९२४ साली जन्मलेले आणि १९८९ साली गेलेले रामभाऊ ठाण्याचे झाले ते कायमचे. लहानपणी प्रभातच्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्यांनी कृष्ण केला. त्या चित्रपटाचे संगीतकार मास्टर कृष्णराव पुढे त्यांचे गुरू झाले. शिवाय ग्वाल्हेरची तालीम मिराशीबुवांची, आग्र्याची विलायत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहितांची. एवढ्या ठिकाणचं गाणं एका गळ्यात साठवलेला हा माणूस जोडराग आणि अनवट राग हातच्या मळासारखे गायचा. ठाणे महापालिकेचा त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ही शहराची ओळख बनली आहे, आणि मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनाशी त्याचं नातं जुनं आहे.

रामभाऊंनीच संगीत दिलेलं आणि नायक म्हणून रंगवलेलं विद्याधर गोखल्यांचं 'मंदारमाला' १९६३ चं. त्यातलं 'जय शंकरा गंगाधरा' हे पद अहिर भैरवातलं. पेटीवर हे पद वाजवणं ही खरी कसोटी, कारण अहिर भैरवाचा कोमल रिषभ. गवई तो रिषभ नुसता लावत नाही, झुलवतो. षड्जाच्या बाजूला हलकेच झुकून परत येणारं ते आंदोलन रागाचा प्राण आहे. काळी एकमध्ये हा रिषभ पांढरी दोनवर येतो, आणि पांढरी पट्टी तर जागची हलत नाही. मग करायचं काय? जाणता वादक रिषभावर बोट ठेवून भात्याचा दाब अगदी हळू कमी-जास्त करतो, आणि अधूनमधून गांधाराचा इतका निसटता कण देतो की कान तो मोजत नाही. सूर प्रत्यक्षात हललेला नसतो, पण झुलल्यासारखा वाटतो. आंदोलन कानाला ऐकू येत नाही, कान ते स्वतः घडवतो. पद पाठ असलेल्या रसिकाने ओठ हलवत शब्द भरणं आणि कानाने आंदोलन भरणं, या दोन्ही गोष्टी मला एकाच जातीच्या वाटतात. पेटीचं एकलवादन ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. त्याच्याकडून काम करून घेतं.

अर्थात भासाला मर्यादा आहेत. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप एक गांधार उमटतो. हार्मोनियमचा शुद्ध गांधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट. सप्तकाचे बारा सारखे भाग करून सगळ्या पट्ट्यांत वाजवता येईल अशी सोय केली, त्याची ही किंमत. नुसती पेटी ऐकताना हा फरक खटकत नाही. तंबोऱ्याशेजारी पेटी लांब आलापीला बसली की तयार कानाला तो बोचतो.

या बोचऱ्या जागेवर काम झालं ते ठाण्यात, आणि तेही गोविंदरावांच्याच शिष्याकडून. डॉ. विद्याधर ओक हे पेशाने औषधशास्त्राचे डॉक्टर, गोविंदरावांकडे पेटी शिकलेले. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, असे बावीस. पट्टीखालची खिट्टी ओढली की त्या सुराची दुसरी श्रुती बोलू लागते. भैरवाला खालचा रिषभ हवा तर तो लावायचा, दुसऱ्या रागाला वरचा हवा तर तो. हा प्रश्न महाराष्ट्राने फार आधीपासून धरून ठेवला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती हार्मोनियम करून घेतली होती आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झाले होते. ती पेटी वापरात रुळली नाही. ओकांची पेटी बसून ऐकली की काय बदललं ते सांगावं लागत नाही. दोन रीड एकदम बोलले की हवेत जी थरथर असते ती नाहीशी होते, आणि सूर तंबोऱ्यात विरघळतो.

माझं मत विचाराल तर दोन्ही पेट्या हव्यात. ख्यालाच्या विलंबित आलापीला बावीस श्रुतींची पेटी फार मोठं सुख आहे. नाट्यपदाला मात्र बारा पट्ट्यांची जुनी पेटीच मला जवळची वाटते. पदात सूर लांब ठेवायला वेळच कमी. तिथे शब्दाचा उच्चार महत्त्वाचा, आणि उच्चार बोटाने आणि भात्याने होतो, श्रुतीने नाही.

पेटी लावणारा कारागीर हाही या कलेचा भागीदार आहे. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. तिच्या टोकाकडे कानशीने हलकंसं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासून झालं की पुन्हा बसवायचं, भाता द्यायचा, ऐकायचं, पुन्हा काढायचं. एका पेटीत दोन-तीन ओळी रीड, म्हणजे हे शंभराहून अधिक वेळा. पेटीचा आवाज गोल की टोकदार हे तिथेच ठरतं. गोविंदरावांसारख्या वादकाचा हलका कण उमटायला रीड झटकन बोलावा लागतो. रीड आळशी असला तर कण हवेतच राहतो.

हे वादन पुढच्या पिढीकडे पुरेसं पोचलं नाही, त्याला एक मोठं कारण सरकारी आहे. १ मार्च १९४० पासून रेडिओवरून हार्मोनियम हद्दपार झाली. परदेशी वाद्य, मींड काढता येत नाही, कान बिघडवतं, अशी कारणं दिली गेली. मोठमोठ्या विद्वानांचा त्याला पाठिंबा होता, रवींद्रनाथ ठाकुरांचाही. १९७१ नंतर निवडक कलावंतांच्या साथीला पेटी परत आली, पण एकलवादनाची दारं त्यानंतरही फार वर्षं बंद राहिली. म्हणजे गोविंदरावांच्या ऐन उमेदीचा काळ रेडिओच्या भांडारात एकलवादन जमा न होता गेला. सतारवादकाचे, सरोदवादकाचे तासन् तास जपले गेले, पेटीवाल्याचे नाहीत. आज आपल्यापाशी आहे ते तबकड्यांवर आणि ध्वनिफितींवर आलेलं थोडं, आणि बाकी खासगी मैफलींत कुणी टेपरेकॉर्डर लावून ठेवला त्याची कृपा. ही हानी मला फार जिव्हारी लागते. ज्या वादकाचा संग्रह कागदावर नाही, त्याचा आवाजही जपायचा नाही, हा अन्याय होता.

त्याआधीच्या पिढ्यांची वाटचाल पाहिली तर ही हानी किती खोल आहे ते कळतं. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे भास्करबुवांच्या साथीला बसत. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि पेटीला एकल वाद्य म्हणून मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. 'स्वयंवर'च्या चाली देणारे तेच भास्करबुवा. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव त्यांच्याच नावाने होतो, तेव्हा तिथे पेटीचं एकलवादन ठेवलं तर ते पाहुणं म्हणून येत नाही, घरचं म्हणून येतं. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी मंडळी असत. ऑर्गनवाल्याचा दर्जा काय होता हे शेजारी कोण बसत यावरून समजावं. नंतर आले पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, ज्यांच्या पेटीच्या तबकड्या घरोघर वाजल्या.

पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर. गोव्यातल्या बोरीचे, जन्म १८ नोव्हेंबर १९३४. छोटा गंधर्वांचाही त्यांच्यावर मोठा संस्कार. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००५ मध्ये, पद्मश्री २०१६ मध्ये, आणि २९ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. बोरकर आणि गोविंदराव लागोपाठ ऐकावेत, असं मी प्रत्येक नव्या रसिकाला सांगतो. बोरकरांची पेटी विचारी. ठुमरीत ते एका सुराभोवती किती वेळ रेंगाळतील सांगता येत नाही, आणि भाता इतका सांभाळलेला की सूर सुरू कधी झाला ते कळू नये. गोविंदरावांची पेटी उत्साही, पुढे सरकणारी. नाटकाच्या तिसऱ्या घंटेची सवय असलेली. बोरकरांकडे आलाप थोर, गोविंदरावांकडे उच्चार. दोघांत लहान-मोठं करण्यात अर्थ नाही, पण पद ऐकायचं असेल तर मी गोविंदरावांकडे जातो.

आज ठाण्यात हे वादन जिवंत आहे. डॉ. ओकांचे चिरंजीव आणि राम मराठ्यांचे नातू आदित्य ओक यांनी पेटी तरुण श्रोत्यांपुढे नेली. सत्यजित प्रभूंबरोबरच्या 'जादूची पेटी' या कार्यक्रमाने नाट्यगृहं भरली. आजोबांचं गाणं आणि गोविंदरावांची पेटी एकाच घरात आली, हा या शहराचा मोठा योग. बोरकरांचे शिष्य सुधीर नायक, सीमा शिरोडकर आणि अमेरिकेत केदार नाफडे एकलवादन करतात. हात सगळ्यांचे तयार, पूर्वीपेक्षा कदाचित जास्तच.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. पेटीवरचं पद ऐकणाऱ्याच्या पाठांतरावर उभं असतं. डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात ओठ हलवणाऱ्या पुढच्या रांगा आता साठीच्या पुढच्या आहेत. 'मंदारमाला' न पाहिलेल्या, पद न ऐकलेल्या पंचविशीच्या मुलीला पेटीवरच्या अहिर भैरवातून काय मिळेल? शब्द भरायला तिच्याकडे शब्दच नाहीत. त्यामुळे वादक वेगाकडे झुकतो, कारण वेग सगळ्यांना कळतो. जुगलबंदीत झाला, सवालजवाब, टाळ्या. हे वाईट नाही, पण त्यात गोविंदरावांचं मुख्य देणं सुटून जातं.

ते सुटू द्यायचं नसेल तर पद वाजवण्याआधी ते एकदा गाऊन घ्यावं. वादकाने स्वतः गुणगुणावं किंवा शेजारी एखादा गायक बसवावा. दोन मिनिटं पुरतात. मुखडा कानात बसला की पुढचं सगळं त्या मुलीलाही ऐकू येईल, कुठे अक्षर उमललं, कुठे ओळ अर्ध्यावर सोडली, रिषभ कुठे झुलला. आणि आयोजकांनी पेटीच्या एकलवादनाला गायकाच्या आधीचा पाऊण तास देणं थांबवावं. लोक येत असतात, खुर्च्या वाजत असतात, दारं उघडझाप करतात, अशा वेळात डावा हात ऐकू येत नाही. गोविंदरावांची जन्मशताब्दी २०२५ मध्ये झाली. त्या निमित्ताने तरी एका संध्याकाळी पेटीला मुख्य कलाकाराची जागा द्यावी, पुरे दोन तास, आधी यमनचा विलंबित आणि मग एकामागून एक पदं.